बॅटरी उपाशी कां राहिली?

एखाद्या घरांतील मूल दिवसेंदिवस वाळूं लागलें, म्हणजे शेजारीपाजारी नाना तऱ्हेचीं निदानें करूं लागतात. कोणी म्हणतो, प्रकृतीच नाजूक. कोणी म्हणतो, दृष्ट लागली. कोणी तर सरळ आईलाच दोष देऊन मोकळा होतो. परंतु त्या मुलाच्या पोटांत रोज खरोखर किती अन्न जातें, हें मोजून पाहण्याचें मात्र क्वचितच कोणाला सुचतें. यंत्रांच्या बाबतींतहि नेमका हाच प्रकार घडतो. गेल्या वर्षीं असा एक प्रसंग मीं प्रत्यक्ष पाहिला. त्यांत एका गरीब माणसाची नोकरी गुंतलेली होती, आणि आपल्या घरोघरीं आतां बॅटऱ्या येऊन बसल्या आहेत. म्हणून तो वाचकांस सविस्तर सांगावासा वाटतो.

माझा एक भाचा पुण्याजवळच्या औद्योगिक वसाहतींतील एका गोदामाचा व्यवस्थापक आहे. तेथें जड पेट्या उचलण्यासाठीं फोर्कलिफ्ट नांवाची विजेवर चालणारी गाडी आहे. तिच्या पोटांत ४८ व्होल्टांची, ४०० अँपिअर-तासांची भली मोठी बॅटरी असते. दिवसभर गाडी राबते, आणि रात्रीं ९ पासून सकाळीं ७ पर्यंत ती चार्जरला जोडून ठेवतात. मे महिन्यांतील एका रविवारीं भाचा घरीं आला, तो चेहरा उतरवूनच. सायंकाळपर्यंत चालणारी गाडी अलीकडे दुपारीं ३ वाजतांच मान टाकूं लागली होती. बॅटरी तपासावयास आलेल्या गृहस्थांनीं तिचें आयुष्य संपल्याचें सांगितलें. दुसऱ्या एकानें सबंध चार्जरच बदलण्याचा सल्ला दिला. आणि मालकांनीं तिसरेंच निदान केलें: वायरमननें बॅटरींत वेळेवर पाणी घातलें नाहीं, म्हणून ती खराब झाली, सबब त्याला महिनाअखेर कामावरून दूर करावें.

"मामा, तुम्ही एकदां येऊन पाहाल कां?" भाचा म्हणाला. "नव्या बॅटरीचे लाखांनीं पैसे जातील तें एक वेळ सोसतां येईल. पण मिस्त्रींना काढल्याचें पत्र मला माझ्या हातानें द्यावें लागणार आहे. वीस वर्षें झालीं त्यांना तिथें."

मीं उभा जन्म विजेच्या यंत्रांच्या देखभालींत घालविला असल्यामुळें नाहीं म्हणणें शक्यच नव्हतें.

पुढील हकीकत नीट कळण्यासाठीं बॅटरी आणि चार्जर यांचा व्यवहार थोडक्यांत समजून घेतला पाहिजे. शिशाच्या पत्र्यांचा आणि सौम्य गंधकाम्लाचा विद्युत्घट गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं तयार केला. वीज साठवून पुनःपुन्हां भरतां येईल असा हा पहिला घट. तो भरण्यासाठीं त्या वेळीं आजच्यासारखीं साधनें नसल्यामुळें प्लांतेला दुसऱ्या घटांचीच वीज वापरावी लागे. म्हणजे भरण्याची चिंता बॅटरीच्या जन्मापासूनच तिच्या पाठीशीं लागलेली आहे. अशा प्रत्येक घटाचा दाब सुमारें २ व्होल्ट. म्हणून ४८ व्होल्टांसाठीं २४ घट ओळीनें जोडतात. वीज खर्च होतांना आम्लांतील गंधकाचा अंश शिशाच्या पत्र्यांवर जाऊन बसतो व आम्ल पातळ होतें. भरतांना तोच अंश परत आम्लांत उतरतो व तें दाट होतें. त्यामुळें आम्लाची दाटी मोजली, कीं घटाचें पोट किती भरलें आहे हें तत्काळ कळतें.

आतां चार्जर. आपल्याकडे येणारी २३० व्होल्टांची वीज सेकंदाला ५० वेळां आंदोलनें घेते. बॅटरीला मात्र एकाच दिशेनें वाहणारा प्रवाह लागतो. गोदामांतील चार्जर साध्या जुन्या धर्तीचा होता. ट्रान्स्फॉर्मर दाब कमी करी, आणि दोन डायोड आंदोलनाचा एकेक अर्धा भाग आळीपाळीनें बॅटरीकडे पाठवीत. एकाच उखळांत दोन बायका आळीपाळीनें मुसळ घालीत आहेत, अशी कल्पना करा. दोघींचे मिळून सेकंदाला १०० घाव पडतात. एकीनें हात आंखडला, तर कांडण थांबत नाहीं. पण काम निम्म्यावर येतें, आणि उखळाचा तालहि बदलतो.

गोदामांत गेल्यावर मीं पेटीला हात लावण्यापूर्वीं मिस्त्रींना बोलावून घेतलें. ते दूरच उभे होते. आपल्याला कोणी कांहीं विचारील अशी त्यांची अपेक्षा दिसली नाहीं.

"मिस्त्री, रोज तुम्हीच हिच्याजवळ असतां. तुम्हांला काय वाटतें?"

ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "साहेब, गेल्या पावसाळ्यापासून पेटीचा आवाज बदललाय. आधी बारीक गुणगुणायची, आतां घोगरी बोलते. मी दोनदां सांगितलं. पण आवाजाचं कोण ऐकतंय?"

मीं तें वाक्य वहींत टिपून घेतलें, आणि क्रमानें तपासणीस लागलों.

प्रथम बॅटरी. हायड्रॉमीटरनें चोविसांपैकीं प्रत्येक घटांतील आम्ल तपासलें. पूर्ण भरलेल्या अशा घटांत विशिष्ट गुरुत्व सुमारें १.२८० असावयास हवें; येथें रात्रभर चार्जिंग होऊनहि आंकडे १.२२० ते १.२३५ यांच्या दरम्यान होते. ही गोष्ट महत्त्वाची. बॅटरी मेलेली असती, तर सामान्यतः एकदोन घट इतरांहून फार मागें पडलेले दिसले असते. येथें चोवीसहि घट सारखेच अर्धपोटीं! शिवाय प्रत्येक घटांत पाणी पत्र्यांच्या वर व्यवस्थित होतें. म्हणजे मिस्त्रींवरील आरोप पहिल्या अर्ध्या तासांतच निराधार ठरला.

दुसरें, चार्जरला येणारी वीज. भार चालू असतां दाब मोजला. तो योग्य होता. तिसरें, चार्जरमधून जाणारी वीज. पेटीवरील पट्टीप्रमाणें आरंभीं ६० अँपिअर प्रवाह जावयास हवा, आणि बॅटरी भरत जाईल तसतसा तो कमी होत जावा. कांटा ३४ वर उभा होता. घरखर्चाच्या भाषेंत सांगावयाचें, तर गाडी दिवसाला ३०० अँपिअर-तास खर्च करूं पाहत होती, आणि रात्रीं जमेस पडत होते जेमतेम २००. अशा संसारांत महिनाअखेर दुपारींच येणार, यांत नवल तें काय!

चौथें, निम्मी वीज कोठें अडते? प्रत्येक डायोडकडे जाणाऱ्या तारेभोंवतीं क्लॅम्प मीटरचा चिमटा लावला. एका तारेंत ३० अँपिअर. दुसरींत अवघे ४. दोघींपैकीं एका बाईनें मुसळ जवळजवळ खालीं ठेवलें होतें. मिस्त्रींनीं ऐकलेला घोगरा आवाज हाच. दोन्ही अर्धे भाग सारखे न राहिल्यामुळें ट्रान्स्फॉर्मरच्या लोखंडावर एकांगी ताण येऊन त्याची गुणगुण बिघडली होती.

यापुढें पेटी उघडावयाची होती, आणि येथें उतावळेपणा जिवावर बेतूं शकतो. आधीं मुख्य वीज बंद करावी, मग बॅटरीचा प्लग काढावा. चालू प्रवाहांत प्लग ओढला तर ठिणगी उडते. बॅटरी भरत येऊन प्रत्येक घटाचा दाब २.४ व्होल्टांच्या आसपास पोंचला, कीं पाण्याचें पृथक्करण होऊन हायड्रोजन व प्राणवायु बाहेर पडूं लागतात. आणि हवेंत ४ टक्के हायड्रोजन मिसळला तरी एका ठिणगीनें स्फोट होऊं शकतो. मुख्य वीज बंद केली तरी बॅटरीच्या बाजूनें आंतील भाग जिवंतच राहतात, हेंहि पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. शिवाय कित्येक चार्जरांत कपॅसिटर असतात, व ते वीज तोडल्यानंतरहि आपला भार धरून ठेवतात. ते रिकामे झाल्याची मोजून खात्री केल्याखेरीज आंत बोट घालूं नये. हें काम जाणत्या माणसाचेंच आहे. वाचकांनीं हौसेनें करावयाचें नव्हे.

डायोड तपासला, तो निर्दोष निघाला: एका दिशेनें सुमारें अर्धा व्होल्ट, उलट दिशेनें पूर्ण अटकाव. फ्यूज शाबूत. तारेची सलगता पाहिली, तर मीटरनें शिट्टीहि वाजविली. भाचा हताश होऊन म्हणाला, "मामा, मागच्या वेळीं त्यांनींहि एवढेंच पाहिलें होतें. आंत सगळें ठीक आहे, म्हणाले."

परंतु सलगतेची ही शिट्टी मोठी फसवी असते. मीटर आपल्या छोट्या सेलमधून नाममात्र प्रवाह सोडतो. त्याला वाट द्यावयास केसाएवढा स्पर्शहि पुरतो. तीस अँपिअरांना तेवढी वाट कशी पुरावी? अरुंद पाऊलवाटेनें एकटा माणूस सुखानें जातो, म्हणून तेथून वरातहि जाईल असें नव्हे. जोड पारखावयाचा तो भार चालू असतांना. म्हणून मीटरचीं टोंकें इन्सुलेट केलेल्या चिमट्यांनीं जोडांवर बसवून, हात बाहेर घेऊन, आम्हीं चार्जर पुन्हां सुरू केला, आणि एकेका जोडाच्या दोन्ही अंगांमधील दाब वाचला. चांगल्या जोडांवर व्होल्टचे कांहीं हजारांश दिसत होते. एका जोडावर दिसले ९ व्होल्ट!

नऊ व्होल्ट आणि चार अँपिअर, म्हणजे ३६ वॅट. डाख लावण्याच्या विजेच्या लहान उपकरणाएवढी उष्णता त्या एका बोल्टाखालीं रात्रभर वायां जात होती. वीज तोडून जोड सोडवला, तेव्हां तारेचें वेष्टन करपून तपकिरी झालेलें, व ॲल्युमिनियमच्या लगवर पांढरट पूड साचलेली आढळली. कारणहि उघड झालें. चार्जर बॅटरीच्या अगदीं लगत ठेवलेला, त्यामुळें आम्लाचे तुषार व पावसाळी दमटपणा आंत जाई. रोज तापून रोज निवल्यानें बोल्ट सैल झाला. सैल जोड अधिक तापला, आणि तापल्यानें अधिक गंजला. दोषानेंच दोषाला पोसलें.

मिस्त्रींनीं करपलेली तार कापली, कल्हई केलेली तांब्याची नवी लग दाबून बसविली, बोल्ट घासून लखलखीत केला, स्प्रिंग वॉशर घालून आवळला. सगळा खर्च कांहीं शे रुपयांचा. चार्जर सुरू केला, आणि कांटा ६० वर जाऊन स्थिर झाला. त्याहून आधीं कानांनीं साक्ष दिली: पेटी पुन्हां बारीक गुणगुणूं लागली होती. मिस्त्री कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं डोक्यावरची टोपी काढून कपाळ पुसलें, एवढेंच.

पुढें तीन रविवार बॅटरीला मंद प्रवाहानें दीर्घ काळ भरून सर्व घट एका पातळीवर आणण्याचा प्रयत्न केला. बहुतेक घट १.२७० च्या वर आले. दोन मात्र १.२५० च्या पुढें सरकले नाहींत. दीर्घ काळ अर्धपोटीं राहिलेल्या घटांत पत्र्यांवरील शिशाच्या गंधकयुक्त क्षाराचे स्फटिक कठीण होऊन बसतात. ते मग सहजासहजीं सुटत नाहींत. आणखी एक पावसाळा असाच गेला असता, तर "बॅटरी मेली" हें चुकीचें निदान खरें होऊन बसलें असतें. आणि लाखांची नवी बॅटरी आणली असती, तर तीहि त्याच चार्जरच्या पंक्तीला बसून तशीच उपाशी राहिली असती. मग दोष कोणावर ठेवला असता कोण जाणे! आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं, ही म्हण आपल्या पूर्वजांनीं उगीच केलेली नाहीं.

घरीं इन्व्हर्टर असलेल्या वाचकांनीं या कथेंतून एवढें जरूर घ्यावें. दिवे लवकर मंदावूं लागले, कीं प्रथम विचारावें: बॅटरीला दोष आहे, कीं तिला पुरेसें मिळतच नाहीं? जोडांवर पांढरी-हिरवी पूड साचली आहे कां, तार हाताला गरम लागल्याची कोणाची तक्रार आहे कां, हें पाहावें व जाणत्याला दाखवावें. पाणी घालावयाचें तें डिस्टिल्डच, पत्रे उघडे पडूं न देतां. आणि बॅटरीच्या जागेला वारा मोकळा असावा. हायड्रोजन हलका असल्यामुळें वर जाऊन छताशीं साठतो. बंद कपाटांत बॅटरी कोंडणें म्हणून धोक्याचें.

मालकांनीं मिस्त्रींच्या बडतर्फीचें पत्र परत घेतलें. भाच्यानें मात्र त्यापुढें जाऊन एक गोष्ट केली. मिस्त्रींनीं पूर्वीं दोन वेळां क्लॅम्प मीटर मागितला होता, व दोन्ही वेळां तो अर्ज खर्च नको म्हणून फेटाळला गेला होता. हें फाइलींत त्याला सांपडलें. तो मीटर आतां मिस्त्रींच्या ताब्यांत आहे. चार्जर बॅटरीपासून दूर, कोरड्या भिंतीवर हलविला आहे. आणि त्याच्या शेजारीं दोरीनें एक वही टांगली आहे. तींत दर सोमवारीं चोवीस घटांचे आंकडे मिस्त्रींच्या अक्षरांत लिहिलेले असतात, आणि शेवटच्या रकान्याला मथळा आहे, "आवाज".