संघ कमी झाले म्हणजे कोणाचे काय कमी होते?

४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबईत, वरळीला, एन.बी.ए. ह्या अमेरिकेतील धंदेवाईक बास्केटबॉल लीगच्या दोन संघांचे सामने झाले. सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स हे ते संघ. दोघेही एकेका मोठ्या छाटणीतून वाचलेले. आमचे आयुष्य कामगार-संघटनेत गेले. ‘छाटणी’ म्हटले की आमचे कान टवकारतात. लक्षाधीश खेळाडूंच्या छाटणीशी तुम्हां-आम्हांला काय करायचे, असे कोणी विचारील. आधी हिशेब पाहू, मग बोलू.

१९४९ साली दोन लीग एकत्र येऊन एन.बी.ए. हे नाव पडले, तेव्हा संघ होते १७. न्यूयॉर्क, शिकागो अशा महानगरांबरोबर शेबॉयगन, वॉटर्लू, अँडरसन ही लहान गावेही होती. उत्पन्नाचा मुख्य आधार तिकीटविक्री. दुबळा संघ पाहुणा म्हणून आला की खुर्च्या रिकाम्या. प्रवासखर्च मात्र चुकत नाही. एका हंगामानंतर सहा संघ गेले. गळती चालूच राहिली आणि १९५४ च्या नोव्हेंबरात बाल्टिमोरचा संघ भर हंगामात बंद पडला, तेव्हा आठ उरले. संघाला दहा खेळाडू धरले, तर १७० जागांच्या ८० झाल्या. उरलेले आठही संघ आजतागायत चालू आहेत. त्यांतला रॉचेस्टरचा संघ गावे बदलत बदलत किंग्ज झाला. धंद्यापुरते पाहिले तर छाटणी फळली, हे कबूल केले पाहिजे.

आता माणसांकडे पाहू. १९५० साली शिकागोचा संघ मोडला, तेव्हा त्याच्या तीन खेळाडूंच्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून तीन मालकांनी त्या उचलल्या. बोस्टनच्या वाट्याला बॉब कूझी आला. त्यांना तो नकोच होता! हाच कूझी पुढे त्या खेळातला अव्वल ठरला, आणि १९५४ साली खेळाडूंची संघटना बांधायला त्यानेच प्रारंभ केला. बंद पडलेल्या बाल्टिमोरच्या खेळाडूंचे थकलेले पगार द्या, ही तिच्या पहिल्या मागण्यांपैकी एक होती.

दुसरी छाटणी १९७६ ची. प्रतिस्पर्धी ए.बी.ए. लीग मोडली, तिच्यातले चार संघ प्रत्येकी ३२ लाख डॉलर प्रवेशशुल्क भरून एन.बी.ए.त आले. पेसर्स त्यांतलाच. सेंट लुईसच्या संघाच्या मालकांनी मात्र रोख रकमेखेरीज एक अट घातली: ह्या चौघांच्या दूरदर्शन-उत्पन्नाचा सातवा हिस्सा आम्हांला कायमचा द्यावा. त्या वेळी ती रक्कम क्षुल्लक होती. पुढे ती इतकी फुगली की २०१४ साली हा करार बव्हंशी गुंडाळण्यासाठी ५० कोटी डॉलर मोजावे लागले. संघ बंद करणे हा देखील धंदा होऊ शकतो, तो असा!

ह्या दूरदर्शनने जुना हिशेबच पालटला. समजा, ३० रुपये ३० संघांत वाटायचे आहेत, प्रत्येकाला रुपया. दोन संघ काढले तर प्रत्येकाला एक रुपया सात पैसे. पण ते दोन संघ आधी विकत घ्यावे लागतात. २०१० च्या डिसेंबरात अडचणीत आलेला न्यू ऑर्लिन्सचा संघ खुद्द लीगने सुमारे ३० कोटी डॉलरना घेतला. असे दोन घ्यायचे तर उरलेल्या २८ मालकांवर प्रत्येकी दोन कोटींहून अधिक भार. शिवाय हंगामाचे सामने १२३० वरून ११४८ वर येणार, म्हणजे विकायचा मालच ८२ नगांनी घटला. १९५४ नंतर ह्या लीगने एकही संघ बंद केलेला नाही, ह्यात नवल ते काय?

मग ही भाषा निघते कशाला? २०१० साली मालक व खेळाडूंच्या नव्या कराराची बोलणी चालू असताना संघ कमी करण्याचा विषय पुढे आला. २०११ साली १ जुलै ते ८ डिसेंबर टाळेबंदी झाली. ती उठली तेव्हा खेळाडूंचा उत्पन्नातला वाटा ५७ टक्क्यांवरून ४९ ते ५१ टक्क्यांवर आला होता. संघ मात्र ३० च्या ३० राहिले, आणि न्यू ऑर्लिन्सचा संघ २०१२ साली नफ्यात विकला गेला.

ह्यात खेळाडूंच्या संघटनेची खरी परीक्षा असते. वाटा टक्केवारीने ठरलेला असल्यामुळे, उत्पन्न तेच राहिले तर ४५० ऐवजी ४२० खेळाडूंत तो वाटताना उरलेल्यांची सरासरी सात टक्क्यांनी वाढते. मोठ्यांना मोह पडावा असाच हा हिशेब आहे. जातात ते शेवटचे तीस; आणि त्यांच्यामागे तिकिटे फाडणारे, झाडलोट करणारे, चहा-फराळ विकणारे.

तो मोह आम्ही जाणतो. आमच्या तरुणपणी एका कारखान्यात एक खाते बंद करून उरलेल्यांना पगारवाढ देण्याचा प्रस्ताव आला. सभेत हात वर झाले. त्यांत आमचाही होता. दोन वर्षांनी आमच्या खात्याची पाळी आली. त्या वेळी आमच्या बाजूने फाटकाशी उभे राहायला पहिल्या खात्यातले कोणी उरले नव्हते.