अमेरिकन खेळाडूंची पारख

उपवर कन्येच्या पित्यास स्थळ पाहतांना जी विवंचना पडते, तिचा अनुभव आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस असेल. मुलाचें शिक्षण, पगार, प्रकृति, घराणें या सर्व गोष्टी विचारून होतात. परंतु तो पुढें कसा निघेल, हें कोणत्याहि प्रमाणपत्रावर लिहिलेलें नसतें. नेमक्या ह्याच विवंचनेंत अमेरिकेंतील बत्तीस धनाढ्य फुटबॉल-संघ दरवर्षीं एप्रिल महिन्यांत सांपडलेले असतात.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडील पायानें खेळावयाचा खेळ नव्हे. चेंडू लंबगोल, तो हातानें फेकावयाचा, काखोटीस मारून पळावयाचें, आणि शिरस्त्राणें घातलेल्या अकरा-अकरा गड्यांनीं एकमेकांवर तुटून पडावयाचें. ह्या खेळाची खरी तालीम विद्यापीठांच्या मैदानांवर होते, व तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणांतून धंदेवाईक संघ आपले गडी पाळीपाळीनें निवडतात. गेल्या हंगामांत जो संघ सर्वांत मागें राहिला, त्याची पाळी पहिली. ही युक्ति फिलाडेल्फिया संघाचे मालक बर्ट बेल ह्यांची. श्रीमंत संघ चांगले खेळाडू पैशाच्या बळावर आधींच उचलतात, हें पाहून त्यांनीं ती सुचविली, आणि १९३६ च्या फेब्रुवारींत पहिली निवड झाली. त्या वेळीं आधार काय, तर वर्तमानपत्रांतील वर्णनें व ओळखीपाळखी! पहिल्या क्रमांकानें निवडलेला शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर धंदेवाईक सामन्यांत एकदांहि खेळला नाहीं. पगाराचें जमेना, म्हणून तो व्यापारांत शिरला. निवडलेल्या तरुणानें त्याच संघाशीं बोलणें करावयाचें, दुसऱ्याशीं नाहीं, हा नियम आजहि आहे. संघांना न्याय देतांना मुलाची मर्जी कोणी विचारीत नाहीं, ही गोष्ट मला तरी खटकते.

ह्या निवडीस शास्त्राचें रूप देण्याच्या कामीं हिंदुस्थानांत जन्मलेल्या एका गृहस्थांचा मोठा हात आहे, हें आपल्याकडे फारसें ठाऊक नाहीं. डॅलस काउबॉइज संघाचे व्यवस्थापक टेक्स श्रॅम ह्यांनीं १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत आयबीएम कंपनीच्या एका शाखेंतील संख्याशास्त्रज्ञ सलाम कुरेशी ह्यांस गांठलें. कुरेशींना अमेरिकन फुटबॉलचा गंधहि नव्हता, आणि माझ्या मतें तें अज्ञानच उपयोगीं पडलें. संघाचे हेर, ज्यांस तेथें स्काउट म्हणतात, गांवोगांव फिरून लिहीत, ‘मुलगा चपळ आहे.’ किती चपळ? एका हेराचा ‘चपळ’ तो दुसऱ्याचा ‘साधारण’! आपल्याकडे दोन परीक्षकांनीं एकच उत्तरपत्रिका तपासल्यास जें होतें, तेंच हें. तेव्हां पुष्कळ गुणांची चाळणी करून अखेर पांच ठरविले: शील, चपलता व शरीरावरील ताबा, स्पर्धेंतील ईर्ष्या, बुद्धीची तत्परता, आणि बळ व त्याचा एकदम होणारा स्फोट. प्रत्येकास १ ते ९ पर्यंत अंक द्यावयाचे, आणि हिशेब गणकयंत्रानें करावयाचा. अंक एकत्र आले कीं सढळ हाताचा परीक्षक कोणता व कंजूष कोणता, हेंहि उघडें पडे. १९६६ पासून १९८५ पर्यंत सलग वीस हंगाम ह्या संघाचे विजय पराजयांहून अधिक राहिले. टॉम लँड्री ह्यांच्यासारखा प्रशिक्षक होता, तेव्हां सर्व श्रेय यंत्रास देणें योग्य नाहीं; पण पांचांत पहिला अंक शीलाचा होता, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे.

पुढें मोजमापाचा पसारा फार वाढला. १९८७ पासून इंडियानापोलिस शहरांत उमेदवारांचा परीक्षा-मेळावा भरत आला आहे. तेथें चाळीस यार्ड धांवण्यास लागणारा वेळ सेकंदाच्या शतांशापर्यंत मोजतात, २२५ पौंडांचें वजन किती वेळां उचलतो तें पाहतात, डॉक्टर सांधे तपासतात; फार काय, हाताच्या पंजाचें मापहि टिपून ठेवतात! मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी २००० सालीं तेथें धांवला, त्यास ५.२८ सेकंद लागले. किडकिडीत बांध्याच्या त्या मुलास संघांनीं १९९ व्या क्रमांकापर्यंत खालीं लोटलें. तो क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून डाव चालविणारा गडी. त्यानें पुढें सात अजिंक्यपदें मिळविलीं. पायांचा वेग घड्याळानें कळतो. परंतु धिप्पाड गडी अंगावर धांवून येत असतां दोन-तीन सेकंदांत चेंडू कोणाकडे टाकावा, हें ओळखणारें मन कोणत्या घड्याळानें मोजावें?

उलट बाजूहि आहे. १९९८ सालीं पेटन मॅनिंग व रायन लीफ ह्यांत श्रेष्ठ कोण, ह्याविषयीं जाणत्यांत वाद होता. पहिला मॅनिंग, दुसरा लीफ असें ठरलें. मॅनिंगनें दोन अजिंक्यपदें मिळविलीं; लीफ चार हंगामांत मैदानावरून नाहींसा झाला.

सर्वांत शेवटीं निवडल्या जाणाऱ्या मुलास १९७६ पासून थट्टेनें ‘बिनमहत्त्वाचे महाशय’ म्हणतात, आणि हातांतून चेंडू निसटलेल्या गड्याची मूर्ति त्यास भेट देतात. २०२२ सालीं ती आयोवा स्टेट विद्यापीठाच्या ब्रॉक पर्डीस मिळाली. क्रमांक २६२ वा. सॅन फ्रान्सिस्को संघाचे दोन क्वार्टरबॅक त्याच हंगामांत जायबंदी झाले, तेव्हां नाइलाजानें त्यास उतरविलें. २०२४ च्या फेब्रुवारींत तो आपल्या संघास घेऊन अंतिम सामन्यापर्यंत पोंचला. कॅन्सस सिटी संघानें तो सामना वाढीव वेळांत २५-२२ असा जिंकला.