दुपारची अर्धी गोळी

तासगावला मावशीच्या घरी सकाळी चहाच्याही आधी गोळ्यांची डबी उघडते. हायड्रोकॉर्टिसोनची १० मिलिग्रॅमची एक आणि फ्लुड्रोकॉर्टिसोनची इवलीशी, १०० मायक्रोग्रॅमची. दुपारी जेवताना पहिलीचीच अर्धी, चार-साडेचारला उरलेली अर्धी. ही शेवटची लांबली की रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. धडधाकट शरीरात कॉर्टिसोल पहाटे चढतं आणि रात्री उतरतं. डबी तीच चाल धरून चालते.

मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या तिच्या दोन्ही अधिवृक्क ग्रंथी जुन्या क्षयाने खाल्ल्या. १८५५ साली लंडनच्या थॉमस ॲडिसनने या आजाराचं वर्णन केलं, तेव्हाही क्षय हे मोठं कारण होतं. तिकडे तो मागे पडला, आपल्याकडे अजून आहे. घरात मात्र कुणाला संशय आला नाही. तळहाताच्या रेघा नि हिरड्या काळवंडल्या, तेव्हा द्राक्षबागेतल्या उन्हाने रापली म्हणाले. लोणच्याच्या बरणीतला खार चाटायची, त्यावर हसले. मग एकदा ताप-उलट्यांत रक्तदाब असा कोसळला की रातोरात मिरज गाठावी लागली. विल्यम वानलेसांनी १८९४ मध्ये तिथे रुग्णालय काढलं, तेव्हापासून या मुलखाची अवघड दुखणी मिरजेलाच जातात. सकाळी आठच्या रक्तात कॉर्टिसोल जवळजवळ नव्हतंच.

औषधाचं नाव कळलं आणि शेजारीण म्हणाली, "स्टिरॉइड? सोड बाई ते." हीच शेजारीण गुडघ्यांसाठी कुठलीशी पुडी घेते. अशा पुड्यांत कित्येकदा स्टिरॉइडच मिसळलेलं सापडतं. ते महिनोन्महिने घेऊन एकदम थांबवलं, तर चांगल्या ग्रंथीही वेळेला जाग्या होत नाहीत. मावशीला मिळतं ते शरीराने स्वतः बनवायला हवं होतं तेवढंच. मला वाटतं, औषधापेक्षा ही समजूत गळी उतरवणं कठीण गेलं.

साताऱ्यात मी तिच्यासाठी औषध शोधतो, तेव्हा प्रेडनिसोलोन कुठेही मिळतं. फ्लुड्रोकॉर्टिसोन म्हटलं की "मागवावं लागेल, उद्या या." एका दुकानदाराने तर "हेही स्टिरॉइडच" म्हणत प्रेडनिसोलोनच पुढे केलं. पण शरीरात मीठ धरून ठेवायचं काम त्या गोळीने भागत नाही.

खरी कसोटी आजारपणात. ताप आला की हायड्रोकॉर्टिसोन दुप्पट, जास्त असेल तर तिप्पट, हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलंय. उलटीने गोळी टिकली नाही तर १०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन मांडीत द्यायचं आणि तडक दवाखाना गाठायचा. मावसभाऊ ते शिकलाय: कुपीतल्या पांढऱ्या भुकटीत पाणी सोडायचं, ती पुरती विरघळू द्यायची, मग सुई. पहिल्यांदा त्याचे हात थरथरत होते. मावशीच त्याला धीर देत होती.

आषाढवारीत तिने माऊलींच्या पालखीबरोबर लोणंद ते तरडगाव चालायचं काढलं. डॉक्टरांना विचारलं. त्यांनी निघण्याआधी जादा अर्धी गोळी सांगितली, वाटेत मीठ घातलेलं ताक, आणि पिशवीत कुपी. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण रंगलं, चार वाजून गेले. मावसभाऊ गर्दीतून वाट काढत गोळी घेऊन पोचला, तर म्हणाली, "कवाच घेतली की. तू रिंगण बघ."