तबल्याला सूर कोठून आला?

डफ कितीही शेकून ताणला तरी त्यातून नेमका स्वर निघत नाही. तबला मात्र गायकाच्या षड्जाला मिळवता येतो. दोन्हीकडे ताणलेले कातडेच. मग फरक कशाचा?

तंबोऱ्याची तार छेडली की मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे अधिस्वरही उमटतात. ही पूर्णांकी पट जुळली की कानाला सूर जाणवतो. ताणलेल्या गोल कातड्याचे अधिस्वर मात्र मूळ स्वराच्या १.५९, २.१४, २.३० पट असे वेडेवाकडे येतात.

तबल्याच्या पुडीवरची शाई येथे उपयोगी पडते. लोखंडाची पूड व खळ यांचे थर देऊन, घोटून केलेला हा जड लेप. मूळ स्वराच्या कंपनात पुडीचा मध्य सर्वांत जास्त हालतो. शाईच्या वजनाने ते कंपन बरेच मंदावते. पहिल्या अधिस्वरात पुडीचा अर्धा भाग वर जातो तेव्हा उरलेला खाली, आणि मध्यातून जाणारी रेषा स्थिर राहते. तेथे शाईचे वजन कमी जाणवते. म्हणून १.५९ चे गुणोत्तर वाढून २ च्या जवळ येते. पुढचे अधिस्वरही ३, ४, ५ पटींजवळ बसतात.

हे १९२० साली दाखवले चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, सहकाऱ्यासह. (होय, प्रकाशाच्या विकिरणाबद्दल १९३० चे नोबेल मिळवणारे तेच!) पुडीवर बारीक वाळू पसरून त्यांनी स्थिर रेषाही पाहिल्या. कारागिरांनी हे गणिताशिवाय, केवळ कानाने साधले होते.

आता डग्गा पाहा. त्याची शाई मध्यावर नसते, आणि त्याचा स्वरही तबल्याइतका नेमका नसतो.