एका पिवळ्या रेषेसाठी

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा धूर निवळला की पूर्वेला कृत्तिका दिसतात. कार्तिकाला नाव दिलेल्या या बायका वयाने अगदीच कोवळ्या, बारा-साडेबारा कोटी वर्षांच्या. रोहिणीच्या आसपासचा ताऱ्यांचा गुच्छ साठ-पासष्ट कोटींचा, तर कर्केतला एम ६७ जवळजवळ सूर्याच्या वयाचा. सुट्या ताऱ्याचं वय नीट लागत नाही, गुच्छाचं लागतं. म्हणून आकाशगंगेच्या तबकडीत धातू कधी आणि कुठे साठले, हे खुल्या गुच्छांनाच विचारायचं.

आधी ‘कुठे’, म्हणजे धातूंच्या उताराचं प्रकरण झटपट उरकतो. केंद्रापासून दूर जावं तसं लोखंड घटतं, हे केनेथ जेन्स यांनी १९७९ साली गुच्छांवरून दाखवलं. आजच्या हिशेबाने घट दर ३२६० प्रकाशवर्षांना बारा-पंधरा टक्के, पार बाहेर ती मंदावते. १९९७मध्ये ट्वारॉग मंडळींनी हा उतार नसून पायरी आहे असं म्हटलं आणि त्यावर पुष्कळ शाई सांडली. मला विचाराल तर त्या वादापेक्षा स्वरमंडलातला एकटा एनजीसी ६७९१ जास्त शिकवतो. वय आठ अब्ज वर्षं, लोखंड सूर्याच्या दुपटीहून अधिक! म्हातारा असून एवढा श्रीमंत, तेही आपल्याच आळीत. तो बहुधा आतल्या भागातून सरकत इकडे आला असावा.

आता माझं वेड. बेरियमची ५८५३ अँगस्ट्रॉमची रेषा, सोडियमच्या प्रसिद्ध जोडीच्या जरा अलीकडे, पिवळ्या पट्ट्यात. बेरियम मुख्यतः हलक्या ताऱ्यांच्या म्हातारपणी शिजतं, त्यामुळे ते उशिरा वाढणार हे ओघानंच आलं. पण २००९मध्ये डोराझी आणि सहकाऱ्यांना अगदी तरुण गुच्छांत ते सूर्याच्या तिप्पट-चौपट दिसलं, आणि लोकांनी लगेच नव्या पाककृती मांडायला घेतल्या. माझी शंका साधी होती. इट्रियम, लँथनम त्याच चुलीवर शिजतात. मग एकच भांडं कसं उतू जातं? ही ठसठशीत रेषा ताऱ्याच्या वातावरणात वरच्या थरांत उमटते. तरुण ताऱ्यांत ते थर खवळलेले, आणि आपली गणितं ते शांत धरून चालतात. माझं तसं टिपण एका परीक्षकाने रेघोट्यांचा सोस म्हणून परत धाडलं. २०१७मध्ये रेड्डी आणि लँबर्ट यांनी नेमकं या दुखण्यावर बोट ठेवलं, तेव्हा मी घरात पेढे वाटले. याच रेड्डींनी सुनेत्रा गिरिधर आणि लँबर्ट यांच्यासह टेक्सासच्या मॅकडोनाल्ड वेधशाळेतून गुच्छांतल्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांचे वर्णपट एकेक करून सोडवले होते. कामाची रीत ती.

हल्ली तसं कोण करतं? गाया उपग्रहामुळे गुच्छांची यादी सात हजारांवर गेली, हे उत्तमच. पण वर्णपट यंत्रात ओततात आणि दुसऱ्या टोकाला आकडे गोळा करतात. आमच्या वेळी कागदावरच्या वर्णपटावर फूटपट्टी ठेवून, उजेडाची पातळी कुठे धरायची यावरून दुपार जायची. त्या भांडणात निम्मं शास्त्र होतं.

परवा एक संशोधक मुलगा आला. गुच्छांतल्या बेरियमच्या आलेखावर शेकडो ठिपके. सगळ्यांत उंच चढलेल्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हटलं, “याची रेषा दाखव.” लॅपटॉपमध्ये शोधेपर्यंत चहा निवला. उघडली तर रेषेच्या उजव्या कडेला एक कुबड.

“सर, हा वर्णपट मी कधी उघडलाच नव्हता,” तो म्हणाला.