स्कॉटलंड : दोन शहरे आणि एक ओळखीचे बेट

मंडळी, उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की मंडळाच्या कार्यक्रमात चहाच्या टेबलाशी हमखास विचारले जाते, "स्कॉटलंडला किती दिवस पुरतात हो?" ठरलेले उत्तर 'तीन' असे आहे. एडिंबराचा किल्ला, लॉक नेस, एखाद्या डिस्टिलरीत चमचाभर व्हिस्की, डब्यातल्या दशम्या-चटणी, आणि रविवारी रात्री घरी. यात वाईट काही नाही. पण गेल्या मे महिन्यात आम्ही नऊ दिवस काढले. आम्ही दोघे, आठ वर्षांची लेक आणि वाईहून आलेल्या सासूबाई. दोन दिवस एडिंबरा, दोन दिवस ग्लासगो आणि उरलेले सगळे मल नावाच्या बेटावर. त्या मलविषयी मला मुख्यतः लिहायचे आहे, पण शहरांवाचून ते बेट नीट कळत नाही, म्हणून आधी शहरे.

एडिंबराबद्दल तुम्ही सगळे जाणताच. किल्ला, रॉयल माईल, बॅगपाइप. मी रसायनशास्त्राची असल्यामुळे माझा हट्ट ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीचा होता. तिथे जोसेफ ब्लॅक पुरला आहे. चुनखडीसारख्या पदार्थांतून निघणारी हवा ही साध्या हवेहून वेगळी असते हे त्याने याच शहरात १७५०च्या दशकात दाखवले. आज आपण तिला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. त्याचा मित्र जेम्स हटनही तिथेच आहे. आर्थर्स सीट या २५१ मीटरच्या टेकडीला लागून असलेल्या कड्यावर खडकांचे थर पाहून, पृथ्वीचे वय हजारांत मोजून भागणार नाही असे म्हणणारा तो माणूस. दफनभूमीच्या दाराशी मात्र सगळी गर्दी बॉबी नावाच्या इमानी कुत्र्याच्या पुतळ्याभोवती! आमच्या धंद्याच्या नशिबी कुत्र्यानंतरचाच नंबर. सासूबाईंना वेगळाच माणूस आठवला, ग्रँट डफ. साताऱ्याचा रेसिडेंट, मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापणारा. तोही इकडचाच, उत्तरेकडच्या बॅन्फचा. "मेली इतक्या लांबून येऊन आमचीच बखर लिहून गेली," असे म्हणून त्यांनी थर्मासमधला चहा ओतला.

ग्लासगो मला जास्त आवडले. ते नटत नाही. नदीकाठच्या रिव्हरसाइड म्युझियममध्ये एक प्रचंड वाफेचे इंजिन आहे. ते इथेच बांधलेले, दक्षिण आफ्रिकेत राबलेले आणि म्हातारपणी परत आणलेले. या शहराच्या स्प्रिंगबर्न भागातून आपल्याकडेही ढिगाने इंजिने गेली. सासूबाईंचे वडील रेल्वेत होते, त्यामुळे त्या इंजिनापाशी अर्धा तास हलल्या नाहीत.

मग कॅथीड्रलमागच्या टेकडीवरची नेक्रोपोलिस ही दफनभूमी. (आमची सहल एव्हाना स्मशानयात्रा झाल्याची तक्रार ह्यांनी केलीच.) तिथे चार्ल्स टेनंटचा खुर्चीत बसलेला संगमरवरी पुतळा आहे. ब्लीचिंग पावडरचे पेटंट १७९९ साली घेणारा हा कारखानदार. त्याच्या सेंट रोलॉक्सच्या कारखान्यात पुढे मिठापासून सोडा बनू लागला, आणि १८३०-४०च्या सुमारास तो जगातल्या सर्वांत मोठ्या रासायनिक कारखान्यांत मोजला जाई. टेनंटला लक्षात ठेवा. बेटावर तो पुन्हा भेटतो.

ओबानहून मोटार बोटीत घालायची, आणि पाऊण-एक तासात मलच्या क्रेगन्यूर धक्क्यावर उतरायचे. पुढे एकपदरी रस्ते. समोरून गाडी आली की बाजूच्या जागेत थांबायचे, आणि दोघांनी हात वर करून नमस्कार-चमत्कार करायचे. ग्रिबनच्या कड्याखालून जाणाऱ्या रस्त्यावर सासूबाई एकदम म्हणाल्या, "अगं, हा तर आपला पसरणीचा घाट. फक्त ऊन काढून घेतलंय."

त्यांचे म्हणणे भूगर्भशास्त्राप्रमाणेही जवळजवळ बरोबर आहे. सह्याद्री बेसाल्टचा, लाव्हाच्या थरावर थर बसून झालेला, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मलचा मोठा भागही तसाच थराथरांच्या बेसाल्टचा, वयाने थोडा धाकटा, सुमारे ६ कोटी वर्षांचा. म्हणून तेच सपाट माथे, त्याच पायऱ्या, पावसात तेच शंभर धबधबे. उंची मात्र बेताची. सर्वांत उंच बेन मोर ९६६ मीटर. गेलिक भाषेत 'मोर' म्हणजे मोठा. आमच्या शेजारच्या मोऱ्यांना हे कळवले आहे.

जवळच्या स्टाफा बेटावर त्याच बेसाल्टचे षट्कोनी खांब उभे आहेत, जणू कोणी मोजून रचलेले. अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिली आहे त्यांना जातकुळी ओळखू येईल. लाव्हा थंड होताना आकसतो, तडकतो, आणि तडे साधारण समान अंतराने आत उतरत जातात, म्हणून हे खांब. फिंगलच्या गुहेत लाटांचा जो घुमार उठतो तो मेंडेल्सनने १८२९मध्ये ऐकला आणि त्यावर प्रसिद्ध संगीतरचना केली. लेकीला त्याहून पफिन पक्षी आवडले. आयोना बेटाचा मठ शांत आहे, सुंदर आहे. संत कोलंबा आयर्लंडहून ५६३ साली इथे आला. पण तिथे दुपारपर्यंत जत्रेसारखी माणसे असतात, सकाळच्या बोटीने जावे.

आता मूळ मुद्दा. मलवर पहिल्या दिवशी आम्ही सगळेच म्हणत होतो, "काय निवांत, माणसाची वस्तीच नाही!" दुसऱ्या दिवशी हिरवळीत दगडी चौकोन दिसू लागले, एकाशेजारी एक. ती घरे होती. १८२१ साली मलवर दहा हजारांहून जास्त माणसे राहत होती, आज सुमारे तीन हजार आहेत. हे निवांतपण निसर्गाचे नाही, माणसांनी केलेले आहे. आणि त्यात माझ्या विषयाचाही हात आहे.

किनाऱ्यावरचे केल्प नावाचे समुद्री शेवाळ जाळले की त्याच्या राखेतून साबण नि काच करायला लागणारा सोडा मिळे. एक टन राखेला सुमारे वीस टन ओले शेवाळ. नेपोलियनच्या लढायांमुळे स्पेनचा माल थांबला आणि राखेचे भाव कडाडले. पैसा जमीनदाराच्या खिशात, आणि थंड पाण्यात कंबरभर उभी राहणारी त्याची कुळे. कुळांनी अमेरिकेला जाऊ नये म्हणून जमीनदारांनी वजन खर्ची घातले, आणि प्रवासी जहाजांवरचा १८०३चा कायदा झाल्यावर तिकिटे महागली. लढाई संपली, परदेशी माल परत आला, पाठोपाठ टेनंटसारख्यांच्या कारखान्यांतला मिठाचा स्वस्त सोडा आला. राख कवडीमोल झाली. मग तीच कुळे जमीनदाराला नकोशी झाली. मेंढ्या जास्त पैसे देतात, माणसे कमी! आधी जाऊ देईनात, मग राहू देईनात.

मलच्या पश्चिमेला चिकटून असलेल्या अल्व्हा बेटावर हे फार स्पष्ट दिसते. धक्क्यावर एक फळी सरकवायची, लाल रंग दिसला की पलीकडचा नावाडी बोट घेऊन येतो. हे बेट १८३५ साली एका वकिलाने विकत घेतले. १८४६ला बटाट्यावर रोग पडला, आणि पाचशेच्या आसपास असलेली वस्ती काही वर्षांत दीडशेवर आणली गेली. डोंगराच्या कडेने चालत गेले की ऑर्मेग गावाचे अवशेष लागतात. चुलीची जागासुद्धा ओळखू येते. सासूबाई तिथवर आल्या नाहीत, धक्क्याजवळच्या गवताने शाकारलेल्या जुन्या घरात बसून राहिल्या. २०१८मध्ये गावकऱ्यांनी वर्गणी आणि सरकारी मदत मिळवून बेट विकत घेतले. तेव्हा तिथे जेमतेम अर्धा डझन माणसे राहत होती.

याच अल्व्हावर १७६२ साली जन्मलेला लॅकलन मॅक्वॉरी फौजेतून १७८८मध्ये मुंबईला गेला. तिथेच त्याने जेन जार्विसशी लग्न केले. ती १७९६ साली मकावला क्षयाने वारली, तेव्हा तिचे शव त्याने मुंबईला आणून पुरले. मलवर जमीन घेतली तिला नाव दिले जार्विसफील्ड. त्याची स्वतःची कबर मलवरच ग्रुलीनला आहे, दगडावर 'ऑस्ट्रेलियाचा पिता' अशी अक्षरे आहेत. इथवर वाचून डोळे पाणावतात. पण याच मॅक्वॉरीने १७९५ साली कोचीनला दोन लहान मुलगे गुलाम म्हणून विकत घेतले, त्यांतल्या एकाचे नाव जॉर्ज जार्विस ठेवले, आणि तो त्याच्या चाकरीत अखेरपर्यंत राहिला. न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर म्हणून त्याने १८१६मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांवर फौज धाडली आणि ॲपिनला कत्तल झाली. कबरीवर ते लिहिलेले नाही. कोचीनच्या त्या पोराचे खरे नाव काय असेल, हा प्रश्न लेकीने गाडीत दोनदा विचारला.

मलवर पाट्या गेलिक आणि इंग्रजी अशा दुहेरी आहेत. २०२२च्या जनगणनेत स्कॉटलंडभर गेलिक बोलणारे सुमारे सत्तर हजार निघाले, २०११पेक्षा जास्त. पण वाढ झाली ती शाळेत शिकणाऱ्यांची. पश्चिमेच्या बाह्य बेटांवर, जिथे ती घराघरांत होती, तिथे ती निम्म्याहून कमी लोकांवर आली. २०२५मध्ये कायद्याने अधिकृत दर्जा मिळाला. आपल्या रविवारच्या मराठी वर्गातल्या पालकांनी या आकड्यांकडे जरा बघावे, एवढेच म्हणते.

जाणाऱ्यांसाठी: मोटारीची बोट आधीच राखून ठेवा, उन्हाळ्यात ऐनवेळी जागा मिळत नाही. वारा असेल तर स्टाफाला बोट लागत नाही, एक दिवस हाताशी ठेवा. जून ते ऑगस्ट मिज नावाचे बारीक डास संध्याकाळी फोडून काढतात, मे बरा. पफिन ऑगस्टच्या सुरुवातीला निघून जातात. शाकाहारींनी डाळ-तांदूळ आणि छोटा कुकर न्यावा. टोबरमोरीत भाज्या मिळतात, कोथिंबिरीचा भरवसा नाही.