तेल गळतंय, सीलच दोषी?

ग्वाल्हेर जिल्ह्यात डबरा-भितरवारच्या कालव्याखालच्या पट्ट्यात भात होतो. चिखलणीला जुना ट्रॅक्टर आसापर्यंत चिखलात उतरतो आणि भात निघाला की गव्हाच्या पेरणीला जुंपला जातो. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओघळ दिसला की निदान ठरलेलं: ‘सील गेलं.’

गैरसमज : सील घट्ट बसलं की तेल अडतं.
वस्तुस्थिती : तेल अडवते ती रबराची पातळ कड, म्हणजे लिप. बारीक स्प्रिंग तिला शाफ्टवर दाबून धरते. लिप आणि शाफ्ट यांच्यामध्ये तेलाचा सूक्ष्म थर असतो. कोरडंच बसवलेलं सील सुरुवातीलाच घासून जळतं. म्हणून लिपला आधी तेल लावायचं आणि स्प्रिंगची बाजू तेलाकडे ठेवायची.

गैरसमज : नवं सील टाकलं की काम झालं.
वस्तुस्थिती : वर्षानुवर्षं एकाच जागी घासणारी लिप, तिच्यात अडकलेल्या मातीसह, पोलादी शाफ्टवरही चर पाडते. शाफ्टवरून नख फिरवावं. अडकलं, तर नवं सीलही गळणार. जागा असेल तर सील किंचित आत किंवा बाहेर बसवतात, नाहीतर चरावर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवतात. बेअरिंग ढिलं असेल तर शाफ्ट डोलतो आणि लिपला त्याच्याबरोबर राहणं जमत नाही.

शिवाय ब्रीदर, म्हणजे आतली हवा बाहेर सोडणारं छिद्र, पाहायचं राहतंच. तेल तापलं की आतली हवा फुगते. हे छिद्र चिखलाने बुजलं असेल तर तो दाब सीलवर येतो.

गैरसमज : माप जुळलं की कुठलंही सील चालतं.
वस्तुस्थिती : ३५-५२-७ म्हणजे शाफ्टचा व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. रबर कोणतं, हे त्यातून कळत नाही. साधं नायट्राइल सुमारे १०० अंश सेल्सिअसपर्यंत टिकतं, फ्लोरो रबर २०० च्या आसपास. आणि सील रबराचंच असेल असंही नाही: मॅसी फर्ग्युसन १३५ ट्रॅक्टरच्या पर्किन्स इंजिनात तर क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला चक्क दोरीचं सील असे.

गैरसमज : थेंबभर गळतं, तेल भरत राहू.
वस्तुस्थिती : कोरडे ब्रेक असलेल्या जुन्या ट्रॅक्टरमध्ये मागच्या आसाचं तेल ब्रेकच्या लायनिंगवर उतरू शकतं. मग एका चाकाचा ब्रेक लागतो, दुसऱ्याचा घसरतो आणि धान्याची ट्रॉली घेऊन मंडीकडे निघालेला ट्रॅक्टर ब्रेक दाबताच एका बाजूला ओढतो. अशा वेळी सीलबरोबर तेलाने भिजलेली लायनिंगही बदलावी लागते. नुसती पुसून ती पुन्हा बसवता येत नाही.